बिनमिठाची पोपटी

जना,

तुझ्या तेराव्यानंतर सहा दिवस मी तुमच्या गल्लीतून गेलो नाही. दूध आणायला तुमच्या फाटकावरूनच जावं लागतं, म्हणून मी मागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून जात होतो. दूधवाल्याने विचारलं, "काका, आज तिकडून?" मी म्हटलं, डॉक्टरांनी जास्त चालायला सांगितलंय. एक खोटं बोललं की पुढची आपोआप सुचतात. पहिलं मी शैलावहिनींशी बोललो होतो, तेराव्याच्याच दिवशी, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात. एकच शब्द होता.

दुःख व्हायला हवं तेवढं अजून झालेलं नाही, हे तुझ्यापाशी कबूल करतो. भीतीने त्याला आत येऊच दिलेलं नाही. सकाळी जाग येते ती छातीत धडधड घेऊनच. मग आठवतं की तू नाहीस, आणि पाठोपाठ दिसते ती शेंगांच्या टरफलांची रास. ती मी काही केल्या मोजू शकत नाही.

कॉलेजने तुझी शोकसभा केली. तू असतास तर मागच्या बाकावर बसून माझ्या कानात बोलत राहिला असतास आणि आपल्या दोघांनाही बाहेर काढलं असतं. स्टेजवर फ्लेक्स होता. त्यात तुझा फोटो पासपोर्टएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे पोस्टकार्डाएवढे. अध्यक्ष म्हणाले, वनस्पतिशास्त्राचा वटवृक्ष उन्मळून पडला. तू साडेपाच फूट, आणि शेवटी शेवटी पंचावन्न किलो. दुसरे म्हणाले, सरांनी रोह्याच्या मातीत ज्ञानाची बीजं पेरली आणि त्या मातीने ती पोसली. तू तीस वर्षं मुलांना सांगत आलास की उगवणारं बी पहिले काही दिवस मातीचं जवळपास काही खात नाही, त्याचा डबा त्याच्या बरोबरच असतो. मग मला उभं केलं, "सरांचे जिवलग मित्र, आपले माजी ग्रंथपाल" म्हणून. मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरलो. तसं काही नव्हतं. तिसरं वाक्य तोंडाशी आलं होतं ते असं: रविवारी मी याला पोपटी खायला घेऊन गेलो होतो आणि सोमवारी हा मेला.

दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, मी तुला डायलिसिसला नेत होतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार तास ते यंत्र तुझं रक्त धूत बसायचं आणि मी बाहेर एकच पेपर तीनदा वाचायचो. पहिल्याच महिन्यात तिथल्या आहारवाल्या बाईंनी एक छापील कागद दिला. मीठ कमी. केळं नको, नारळपाणी नको, टोमॅटो नको, बटाटा, कडधान्यं, पालेभाज्या जपून. भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या, मग फोडणी घाला. तू तो कागद दोनदा वाचलास आणि बाईंना विचारलंस, "यात कधीच जिवंत नव्हतं असं काही आहे का?" त्या बिचाऱ्या गोंधळल्या. गाडीत बसल्यावर तू माझा वर्ग घेतलास.

"ग्रंथपाल, कागद बरोबर आहे. फक्त केळ्याला उगाच बदनाम केलंय. पोटॅशियम कशात नाही? जिथे जिवंत पेशी तिथे ते असणारच. पानाला अगणित बारीक भोकं असतात, हवा आत-बाहेर जायला. प्रत्येक भोकाला दोन ओठांसारख्या दोन पेशी. त्यांच्यात पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, त्या फुगतात, भोक उघडतं. पोटॅशियम बाहेर गेलं की भोक बंद. झाड त्याच्यावर उघडझाप करतं. आणि माझं हृदयही त्याच्याच मापावर चालतं. फार चढलं की बंद."

"काय बंद?" मी विचारलं.

"पान नव्हे," तू म्हणालास आणि काच खाली केलीस.

मला भीती वाटायला लागली ती त्या दिवसापासून, खरं तर. तुला कधी वाटलेली दिसली नाही. तू तुझ्या मरणाचं कारण फळ्यावर लिहून दाखवावं तसं दाखवलंस आणि पुढे रस्त्यातल्या खड्ड्यांच्या विषयावर घसरलास.

वहिनी भाजीचं पाणी मोरीत ओतायच्या. एकदा तू ते पाहिलंस आणि म्हणालास, "अगो, ते माझं जप्त केलेलं पोटॅश आहे. वाया कशाला घालवतेस? झाडाला घाल." तेव्हापासून रोजचं गार झालेलं पाणी मागच्या दारच्या अळवाला. दोन वर्षांत ते अळू असं माजलं की पावसात मांजर त्याच्या पानाखाली कोरडं बसायचं. तू खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत राहायचास. "माझ्या ताटातलं हे खातंय, आणि मला हे खायची बंदी," म्हणायचास. तुझ्या आवाजात तक्रार नसायची, थोडं कौतुकच असायचं.

त्या अळवावर तू मलाही शिकवलंस. निवृत्तीनंतर तुला एकच विद्यार्थी उरला होता, तोही मराठी साहित्याचा. पान पिवळं पडलं की आधी विचारायचं, जुनं की नवं? जुन्या पानाच्या कडा करपल्या तर पोटॅश कमी, कारण झाड अडचणीत आलं की जुन्या पानातलं काढून नव्याला नेतं. नवं पानच वेडंवाकडं आलं तर कॅल्शियम कमी. ते एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, झाडाला ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. "अळवाने तर त्याच्या सुया करून ठेवल्यात," तू सांगितलंस. "कॅल्शियमचे बारीक काटे. घसा खाजतो तो त्यांनीच. म्हणून आंबट घालायचं."

मी म्हटलं, "म्हाताऱ्या पानांनी द्यायचं आणि तरुणांनी वाढायचं. व्यवस्था फार संस्कारी आहे."

"कसले संस्कार? जुनं पान देत काही नाही. त्याच्यातून काढून घेतलं जातं. तुम्ही वाचणारे लोक झाडाला उगाच सद्गुण चिकटवता. उद्या त्याला शाल आणि श्रीफळही द्याल."

आपला खरा वाद तोच होता आणि तो दोन वर्षं चालला. मी म्हणायचो, झाड निवडतं. तू म्हणायचास, कुणी काही निवडत नाही, दारं असतात, ती उघडतात आणि मिटतात. या वादाचा शेवट व्हायचा राहिला आहे, आणि तो ज्या क्षणी राहिला त्या क्षणाकडेच मला जायचं आहे. जायला पाय तयार नाहीत, तरी जातो.

त्या आठवड्यात बुधवारी, गाडीतच, तू म्हणालास, "ग्रंथपाल, एकदा पोपटी. मडक्यात भाजलेल्या शेंगा, शेतावर."

मी म्हटलं, नाही.

"दहा शेंगा. मी नीट विचार केलाय, दहा शेंगांनी काही होत नाही. तू मोज. मी मोजायला लागलो तर मला मोह होईल."

दहा हा आकडा तुझा. मोजायचं काम माझं. एवढं स्पष्ट वाटप आपल्यात आयुष्यात कधी झालं नव्हतं.

रविवारी आपण निघालो. वहिनींना सांगितलं, जित्याला शेतावर जाऊन येतो. तुझा वाडवडिलांचा तुकडा जित्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. भात निघालं की काशीनाथ, तुझा चुलतभाऊ, त्यात वाल टाकतो. लोक पोपटी रात्री लावतात, थंडीत, गाणी म्हणत. तुला लवकर झोपावं लागे, म्हणून आपली दुपारी तीनला.

काशीनाथ म्हणाला, "भर उन्हात पोपटी लावणारे पेण तालुक्यात आपुनच. कोणी बघितला तर म्हणेल, यांचा दिवस फिरलाय."

त्याने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरला, त्यावर वालाच्या शेंगा, चिमूट ओवा, वर पुन्हा पाला दाबून बसवला. मग मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या. जाड्या मिठाची पुडी त्याने मुद्दाम तुला दाखवून बाजूला ठेवली. "दादा, आज तुझ्यासाठी बिनमिठाची हाय. मीठ नाय म्हंजे पथ्य झाला."

मी बघत होतो, तू नुसता हसलास.

आणि मी, तो छापील कागद तोंडपाठ असलेला माणूस, मलाही तसंच वाटलं. मीठ नाही म्हणजे पथ्य झालं. आपल्याकडे आजाऱ्याच्या ताटातलं मीठ काढलं की घरातल्या सगळ्यांना हलकं वाटतं, मोठं कर्तव्य पार पडल्यासारखं. त्या पुडीकडे बघून मीही निश्चिंत झालो. पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत हे मला बालपणापासून माहीत आहे. शेंग तिच्या अंगच्या ओलीत शिजते. म्हणजे ओतून द्यायला काहीच उरत नाही, रोपाने जमिनीतून जे जे ओढून शेंगेत साठवलं ते सगळं शेंगेतच राहतं. हे दोन आणि दोन मी एकत्र मांडले ते सोमवारी सकाळी.

जाळ धडधडत होता तेव्हा आपण बांधावर फिरलो. खालच्या अंगाला, जिथे भरतीचं पाणी झिरपतं, तिथले वाल खुरटे होते. तू एक रोप उपटलंस. मुळावर बारीक गाठी होत्या. एक नखाने फोडलीस, आत गुलाबी. हवेतला नत्र पकडून देणारे जीवाणू यात राहतात, म्हणून वालाला युरियाची फारशी गरज नाही, हे तू मला विसाव्यांदा सांगितलंस आणि मी विसाव्यांदा आश्चर्य दाखवलं.

"खरी गंमत ही," तू मुळाचं टोक धरून म्हणालास. "इथे मिठाची जमीन. मुळाभोवती सोडियमची जत्रा, त्यात पोटॅशियम चुकलेल्या पोरासारखं. दोघं दिसायला भाऊ. रोपाला हवं पोटॅशियम. आता काय करेल? मुळाच्या आत मेणासारखा एक पट्टा असतो, गोल. पेशींच्या फटीफटींतून चोरून आलेलं पाणी तिथे अडतं. पुढे जायचं तर पेशीच्या दारातून जा. आणि दार सगळ्यांना उघडत नाही."

"आणि आत गेल्यावर?"

"मग काय, लिफ्ट. वर पानं पाणी उडवतात, त्या ओढीने सगळं वर चढतं. पानातून गोड रसाबरोबर पुन्हा खाली, जिथे गरज असेल तिथे. सध्या शेंगेत."

"म्हणजे हे तुझ्या किडनीचंच काम."

"तेच. फक्त माझ्या नाक्यावरचा माणूस रिटायर झाला. आत आलेलं बाहेर जात नाही."

मी म्हटलं, "जना, दार ओळखून उघडतं म्हणजे झाड निवडतं. मान की."

"आकार जुळला की आत. त्यात निवड कुठे आली?"

"मग भलतंच काही आत गेलं तर दोष कुणाचा?"

तू तोंड उघडलंस, आणि तेवढ्यात काशीनाथने हाक मारली, "ए दादा, वास सुटला, चला." तू गेलास. तू काय म्हणणार होतास हे मी त्या दिवसापासून रोज ओळखायचा प्रयत्न करतोय, आणि रोज वेगळं उत्तर येतं. कधी वाटतं, तू म्हणाला असतास, कुणाचाच नाही. कधी वाटतं, तू माझ्याकडे बोट दाखवलं असतंस.

पेपर पसरून आपण तिघं बसलो. टरफलं मधे, एकाच राशीत, सगळेच टाकतात तशी. मी तुझ्या चार शेंगा मोजल्या. चौथी तू डोळे मिटून खाल्लीस. मग म्हणालास, "त्या सत्काराचं सांग की."

आणि मी सांगायला लागलो. पेणमधला तो पर्यावरणाचा समारंभ, जिथे पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोपं दिली. प्रमुख पाहुणे पाऊण तास झाडं जगवा म्हणून बोलले, आणि तोवर दिव्यांच्या उष्णतेने टेबलावरची रोपं माना टाकून बसली. समारंभ संपल्यावर एक टेम्पो आला आणि ती सगळी रोपं परत घेऊन गेला, कारण ती भाड्याची होती, दुसऱ्या दिवशी त्यांना रोह्यात कार्यक्रम होता. मी पाहुण्यांचा आवाज काढला. टेम्पोवाल्याचाही काढला: "ओ, ते चिकू सांभाळून, मंगळवारी त्याचा लग्न आहे." तू हसून हसून खोकलास. काशीनाथ मांडीवर थाप मारून म्हणाला, "भाऊ, परत सांगा ना तो चिकूचा." मी परत सांगितलं. प्रेक्षक मिळाला की मी असा वाहवतो. स्टेजवरच्यांना आयुष्यभर हसलो, आणि माझं स्टेज एका पेपरावर, टरफलांच्या भोवती होतं.

तुझा हात जात-येत होता. मला दिसत होता. मी बघत होतो आणि मोजत नव्हतो.

मग एकदम लक्षात आलं. मी विचारलं, "किती झाल्या?"

"मोजणारा तू," तू म्हणालास.

तू हसलास, आणि मीही हसलो, जना. मी हसलो. काशीनाथने पेपर चारी टोकांनी उचलला आणि टरफलं म्हशीपुढे ओतली.

सोमवारी सव्वासहाला मी गाडी घेऊन आलो तर फाटक उघडं होतं आणि वहिनी अंगणात अनवाणी उभ्या होत्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. शुक्रवार ते सोमवार हा खंड या आजारात वाईटच असतो. रक्त तपासायला वेळच मिळाला नव्हता, त्यामुळे नेमकं काय झालं ते आता कधीच कळणार नाही. काल काय खाल्लं होतं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. मी भिंतीला टेकून, त्यांनी ते विचारू नये म्हणून, त्यांच्या टेबलावरची पेनं मोजत होतो. सात होती. तेव्हा मोजता आलं.

तेराव्याला पंगत उठल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. हातात रिकामं पातेलं होतं. म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? त्या दिवशी दहाच ना? हे घरी येऊन म्हणाले, दहा खाल्ल्या, त्याने मोजल्या."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. मला वाटलं, एका शब्दात मी दोघांची सोय केली. पण दुसऱ्या दिवसापासून मी टाकीला वळसा घालायला लागलो.

परवा काशीनाथचा फोन आला. "भाऊ, वयनी जेवत नाय. मी दोनदा जाऊन आलो. च्या पितात फक्त. तुमी तर तिथंच राहता, बघितला नाय?"

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर मी आधी दाराला कडी घातली. कोण येणार होतं, कोण जाणे.

काल गेलो. वहिनी मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरची हाडं वर आली होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि अळवाकडे बघितलं. बाहेरची दोन जुनी पानं कडांनी करपली होती. तू शिकवलेलं आपोआप आठवलं: जुनं पान, कडा, पोटॅश. मग वाटलं, इतक्या दिवसांत कसलं पोटॅश, कुणी साधं पाणीसुद्धा घातलेलं नाही. तू असतास तर हेच म्हणून मला नापास केलं असतंस.

"वहिनी," मी अळवालाच सांगितलं, "मी मोजल्या नव्हत्या."

"काय?"

"शेंगा. चारपर्यंत मोजल्या. मग बोलत बसलो. तेराव्याला हो म्हटलं ते खोटं होतं."

ज्याला मी एवढे दिवस भीत होतो ते आता येणार, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. शाळेत छडी पडायच्या आधी तळहात जसा आपोआप गार होतो, तसा सगळा मीच गार झालो होतो.

"किती असतील?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. वीस असतील. चाळीस असतील. खरंच माहीत नाही."

मी वर पाहिलं तर त्या रडत होत्या. पण त्यात राग नव्हता. काहीतरी जड खाली ठेवल्यावर माणूस रडतो तशा रडत होत्या.

"मग तेव्हा का नाही हो सांगितलंत?"

"भीती वाटली."

"मला वाटत होतं माझ्यानेच झालं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "शनिवारी ह्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, शैले, दोन वर्षं मी धुतलेलं गवत खातोय, एकदा तरी भाजीला भाजीची चव लागू दे. मी बटाट्याचा रस्सा केला. पाणी काढलं नाही. मीठ नाही घातलं, म्हटलं एवढं तरी पाळू. दोन वेळा जेवले, रविवारी सकाळी पण तोच खाल्ला. अळवाला त्या दिवशी घालायला पाणीच नव्हतं. तुम्ही म्हणालात दहा. दहा शेंगांनी काय होतं? मग उरलं काय? माझा रस्सा."

म्हणजे बिनमिठाचा रस्साही, जना. शनिवारी तुमच्या स्वयंपाकघरात, रविवारी जित्यात. मिठाची पुडी बाजूला ठेवून आम्ही दोघं आपापल्या जागी निर्धास्त झालो होतो.

आणि तेराव्याला त्यांनी मला पकडायला विचारलंच नव्हतं. मी वीस म्हणावं, तीस म्हणावं, अशी त्यांची आशा होती. मी हो म्हटलं, सगळं त्यांच्या अंगावर टाकलं, आणि दूध आणायला मागच्या रस्त्याने निघून गेलो. सहा दिवस त्या चहावर होत्या.

तुझ्यावरचा राग मला तिथे, त्या पायरीपाशी पहिल्यांदा आला. शनिवारचा रस्सा तू मला सांगितला नाहीस. रविवारच्या शेंगा वहिनींना दहा सांगितल्यास. आम्हा दोघांना दोन खोल्यांत बसवून तू मधल्या दारात जेवत राहिलास. हे सगळं ज्याला कळत होतं असा घरात एकच माणूस होता, आणि त्याने आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं होतं. मग माझ्या मनात एक नवी भीती आली, ती लिहायलाही हात कचरतो, म्हणून एकदाच लिहितो: तू ठरवून केलंस का? मी ती वहिनींना बोललो नाही. रात्रभर तिच्याशी झगडलो. शेवटी तुझा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा आठवला, चौथ्या शेंगेचा. मरायला निघालेला माणूस इतक्या चवीने खात नाही, असं मी स्वतःला सांगितलंय. तुला जेवायचं होतं. माझा आता तरी एवढाच विश्वास आहे, आणि तोही सकाळी जरा डळमळतो.

दोष कुणाचा, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. कालपासून तो प्रश्न आम्ही दोघं वाटून घेतोय. हलका झालेला नाही. पण एकट्याच्या अंगावर नाही.

वहिनी उठल्या. विळी घेतली आणि अळवाची मधली चार-पाच पानं कापली, मोठमोठी. "जेवून जा," म्हणाल्या. "एकटीला घास जात नाही."

त्या पानांत काय आहे, हे तू मला दोन वर्षं सांगत होतास. तुझ्या ताटातून काढून काढून घातलेलं सगळं. मला ते खायचं नव्हतं, जना, मला खरोखर भीती वाटली. पण त्यांनी पाट मांडला, आणि किती दिवसांनी त्या घरात भात शिजल्याचा वास येत होता. मी बसलो.

अळूचं फदफदं चांगलं दाट झालं होतं. पहिला घास मी पाण्याबरोबर गिळला. वहिनी समोर बसून माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनीही भात कालवला. तिसऱ्या घासाला घशात टोचायला लागलं. चिंच घालायची विसरल्या होत्या. तुझ्या त्या सुया. मी पुढचा घास घेतला.

वहिनींनी मान वर केली. "खाजतंय का हो भाऊजी?"

एक क्षण जुनं उत्तर जिभेवर आलं. छे, छान झालंय.

"हो," मी म्हटलं. "खाजतंय."

"मलाही," त्या म्हणाल्या, आणि कोकमाच्या साराची वाटी आमच्या दोघांच्या मधे ठेवली.